दर सेमिस्टरला इनसेमनंतर सगळं हँग होतं: कारण आणि दुरुस्ती

"ताई, सुरुवात मस्त झाली होती. इनसेमलाही बरे मार्क पडले. मग काय झालं कळलंच नाही, आता लॅपटॉप उघडायचीसुद्धा इच्छा होत नाही."

हा फोन मला वर्षातून दोनदा येतो, सेमिस्टरच्या मधली परीक्षा, म्हणजे इनसेम, होऊन गेल्यावर. एकदा ऑक्टोबर संपताना, एकदा एप्रिल लागताना. मुलगी वेगळी असते, रड तीच. मी बार्शीहून डिप्लोमा करून पुण्यात डायरेक्ट सेकंड इयरला आले आणि २०२४ मध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंग संपवलं. मधल्या सहा सेमिस्टरपैकी तीन वेळा याच खड्ड्यात पडले. पहिल्यांदा वाटलं, डिप्लोमावाली आहे म्हणून झेपत नसेल. दुसऱ्यांदा वाटलं, आपण आळशी आहोत. तिसऱ्यांदा पडल्यावर वही घेतली आणि तासांचा हिशोब मांडला. तो हिशोब आणि त्यातून सुचलेली दुरुस्ती इथे लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी फोनवर सगळं पहिल्यापासून सांगायला नको.

खालची नावं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नची आहेत, कारण मी त्यातच होते. आता नवा पॅटर्न आलाय, विषय मागेपुढे झाले असतील. मुंबईकरांनी 'बॅक' (नापास होऊन राहिलेला विषय) लिहिलंय तिथे 'केटी' वाचावं.

लक्षणं

२०२२ चा नोव्हेंबर, थर्ड इयरचं पहिलं सेमिस्टर. लॅबच्या बाहेर कॉरिडॉरमध्ये फरशीवर बसलेय. मांडीवर लॅपटॉप, बाजूला जर्नल. जर्नलच्या इंडेक्स पानावर सहीचा रकाना तिसऱ्या असाइनमेंटपासून खाली कोरा. स्क्रीनवर जावामधला टू-पास असेंब्लर (असेंब्ली भाषेतला कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम), आणि त्याच्या लिटरल टेबलमधले पत्ते एकाने चुकताहेत. मी पाच मिनिटं त्यात डोकं घालते. मग आठवतं की डीबीएमएसचा (डेटाबेसचा विषय) ट्रिगर आज दाखवायचाय, म्हणून ती विंडो उघडते. तिथे दोन ओळी लिहिते तोवर ग्रुपवर मेसेज येतो की टीओसीच्या (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन) टेस्टला पम्पिंग लेमा हे प्रमेय नक्की आहे. नोट्स उघडते. एक उदाहरण अर्धं वाचून होतं आणि वाटतं, आधी असेंब्लरच संपवू. परत येते तर कोणत्या व्हेरिएबलकडे बघत होते तेच आठवत नाही. पुन्हा पहिल्या ओळीपासून.

असे अडीच तास गेले. त्या अडीच तासांत एकही सही मिळाली नाही, आणि दमले मात्र इतकी होते की मेसवर जाऊन जेवायचाही कंटाळा आला. खोलीवर जाऊन बिस्किटं खाल्ली आणि दोन वाजेपर्यंत फोन बघत पडून राहिले.

हे तुमच्याशी जुळत असेल तर पुढे वाचा. आणखी काही खुणा सांगते. पूर्वी आवडणारा विषयही 'काय फालतूपणा आहे' असा वाटायला लागतो. सर बोलत असतात आणि आवाज रेडिओसारखा मागे चालू राहतो. मैत्रिणीला प्लेसमेंटचा मेल आला की आनंद होत नाही, पोटात गोळा येतो. रविवारी बारा तास झोपूनही सोमवारी डोकं जड. घरून फोन आला की "हो, चाललाय अभ्यास" म्हणून दोन मिनिटांत ठेवून द्यावासा वाटतो. आमच्या पप्पांचं तर ठरलेलं वाक्य होतं: "अगं, दिवसभर बसूनच तर असतेस, दमतेस कशाने?"

'बर्नआउट' हा शब्द या अर्थाने अमेरिकेतल्या हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसतज्ज्ञाने १९७४ मध्ये वापरला, तो दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांकडे बघून. नंतर क्रिस्टिना मॅसलाक यांनी त्याचे तीन भाग पाडले: गळून जाणं, कामाबद्दल तुसडेपणा येणं, आणि 'माझ्याने काहीच होत नाही' ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तो घेतला, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. हे तीन भाग लक्षात ठेवा, कारण मुली फक्त पहिलाच सांगतात. माझ्या बाबतीत तुसडेपणा सगळ्यात आधी आला होता, थकवा नंतर. सप्टेंबरमध्येच मी लॅब पार्टनरवर खेकसायला लागले होते. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

आधी हे वगळा

कोडमध्ये चूक शोधण्याआधी आपण केबल लागलीय का ते बघतो, तसंच.

पहिली गोष्ट रक्त. हसू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. माझं हिमोग्लोबिन ९.१ निघालं, बायकांमध्ये बाराच्या खाली गेलं की कमी धरतात. मी महिनाभर स्वतःला आळशी म्हणत होते आणि अर्धं दुखणं तिथे होतं. शाकाहारी मेसवर जेवणाऱ्यांनी बी-१२, आणि सगळ्यांनीच थायरॉइड, डॉक्टरांना विचारून एकदा बघून घ्यावं. मुलांनीही.

दुसरी गोष्ट: त्रास सगळ्या विषयांत आहे की एकाच? एकाच विषयात असेल तर तो भाराचा प्रश्न नाही, पाया कच्चा असल्याचा आहे. डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांना हे एम-थ्रीला (गणिताचा तिसरा पेपर) हमखास होतं, कारण पहिल्या वर्षाचं गणित आपण केलेलंच नसतं. पॉइंटर कळला नसेल तर लिंक्ड लिस्ट, ट्री, ग्राफ सगळंच डोक्यावरून जातं आणि सगळं जड वाटायला लागतं. यावर विश्रांतीचा उपयोग नाही. पॉइंटर शिकवेल अशी मैत्रीण गाठायची आणि दोन रविवार द्यायचे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दिवाळीला घरी गेल्यावर चार दिवस झोप काढली, आईच्या हातचं खाल्लं, आणि बरं वाटलं, तर तो थकवा आहे. खालचे उपाय लागू पडतील. पण घरीही काही आवडेनासं झालं असेल, भूक-झोप बिघडली असेल, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर ही पोस्ट इथेच बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. माझ्या मजल्यावरच्या एका मुलीने रात्री दीड वाजता लावला होता. तिला वाटलेलं कुणी उचलणार नाही. उचलला.

मूळ कारण

एसपीओएसच्या (सिस्टिम प्रोग्रामिंग आणि ऑपरेटिंग सिस्टिम) पेपरात थ्रॅशिंगवर प्रश्न येतो, आपण पाठ करून उत्तर लिहितो आणि विसरतो. मेमरी थोडी, प्रोसेस (चालू असलेले प्रोग्राम) जास्त. प्रत्येकीला आपली पानं, म्हणजे कोड-डेटाचे तुकडे, मेमरीत हवीत, म्हणून दुसरीची बाहेर काढावी लागतात. मग दुसरीला तीच परत हवीत. मशीनचा सगळा वेळ पानं आत-बाहेर करण्यात जातो आणि खरं काम ठप्प होतं. कॉरिडॉरमधले माझे अडीच तास म्हणजे नेमकं हेच.

गंमत पुढे आहे. सुरुवातीच्या काळातल्या ऑपरेटिंग सिस्टिम सीपीयू रिकामा दिसला की समजायच्या, काम कमी पडतंय. म्हणून आणखी प्रोसेस आत घ्यायच्या. मशीन पार आडवं व्हायचं. पीटर डेनिंग या संगणकशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये हे चक्र उलगडून दाखवलं. आता माझा पराक्रम ऐका: त्याच नोव्हेंबरात, हातून काहीच होत नाहीये म्हणून अपराधी वाटून, मी तीस दिवसांचं डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) चॅलेंज लावलं आणि एका हॅकेथॉनला नाव दिलं. १९६५ च्या शेड्यूलरने करावी तशीच ढोबळ चूक, आणि तीही त्याच आठवड्यात जेव्हा मी थ्रॅशिंगचा राइट-अप लिहीत होते.

उपाय पुस्तकात आहेच: प्रोसेसची संख्या कमी करा. पान बदलण्याचा अल्गोरिदम कितीही चांगला आणा, त्याने थ्रॅशिंग जात नाही. आपण मात्र दरवेळी अल्गोरिदमच बदलतो. नवं टाइमटेबल, नवं अ‍ॅप, रंगीत पेनं.

पण मुळात इतक्या प्रोसेस आत आल्या कशा? त्यासाठी वहीतला हिशोब.

आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले, उरले ११९. आंघोळ, कपडे, मेस, जाणं-येणं, घरी फोन, यात रोजचे चार, म्हणजे २८. उरले ९१. टाइमटेबलवर लेक्चर पंधरा तास आणि लॅब दहाएक तास दिसते, पण प्रत्यक्षात नऊ ते साडेचार कॉलेजात अडकतो, पाच दिवसांचे ३७ धरा. उरले ५४. हे आपले हक्काचे तास.

आता मागणी. राइट-अप आणि प्रॅक्टिकलची तयारी १०. पाच थिअरी विषय, प्रत्येकी तीन, म्हणजे १५. डीएसए १०. मिनी प्रोजेक्ट ६. अ‍ॅप्टिट्यूड ३. एनपीटीईएलचा (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) कोर्स ४. क्लबचं काम ५. बेरीज ५३.

हे आकडे बघून मी खूश झाले होते. ५४ पैकी ५३, बसलं की! तासभर शिल्लक!

तिथेच सगळं फसतं. सीएस शिकणाऱ्यांनी तरी रांगेचं गणित आठवावं. एकच खिडकी आहे, कामं अवचित येतात, तर एक काम रांगेसकट पुरं व्हायला लागणारा वेळ हा त्या कामाच्या मूळ वेळेच्या १ भागिले (१ वजा भार) इतका पट होतो. भार निम्मा असेल तर दुप्पट. ८० टक्के असेल तर पाचपट. ९० टक्क्यांना दहापट. आणि ५४ पैकी ५३ म्हणजे ९८ टक्के, पन्नासपट. माणूस म्हणजे बँकेची खिडकी नव्हे हे मला कळतं, पण आलेख तसाच वर जातो. दोन दिवस ताप आला, मावसबहिणीचं लग्न निघालं, सरांनी अचानक टेस्ट लावली, की रांग तुंबते आणि सेमिस्टर संपेपर्यंत मोकळी होत नाही. सगळे सुटे धागे शेवटच्या तीन आठवड्यांत येऊन गुंततात.

यात इनसेमची भर. आमच्या पॅटर्नमध्ये इनसेम तीस मार्कांची, पहिल्या दोन युनिटवर. एंडसेम सत्तरची, तिसऱ्या ते सहाव्या युनिटवर. इनसेम झाली की सगळे हुश्श करतात. कुणी गावी जातं, कुणी फेस्टच्या कामाला लागतं, पुढे दिवाळी असते. त्याच पंधरवड्यात तिसरं युनिट शिकवून होतं, आणि सत्तर मार्कांचं पहिलं युनिट ते असतं. घसरण तेव्हा सुरू होते. कळते महिन्याने, सबमिशनची तारीख लागल्यावर. म्हणून मुली म्हणतात "काय झालं कळलंच नाही". खरंच कळत नाही.

आत्ता अडकला असाल तर

समजा आज तुम्ही त्या कॉरिडॉरमध्ये बसलाय.

आज रात्री काहीही करू नका. जेवा, झोपा. थकलेल्या डोक्याने रात्री एक ते चार बसून लिहिलेला कोड सकाळी अर्ध्या तासात जमला असता, हे मी इतक्यांदा अनुभवलंय की त्यावर वाद घालत नाही. रात्री अकराचा चहाही बंद. शरीरात गेलेलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे पहाटे चारलासुद्धा अर्धा कप डोक्यात जागा असतो.

सकाळी एक कागद घ्या. फोन नको, कागदच. जे जे डोक्यात फिरतंय ते सगळं लिहून काढा: बाकी असाइनमेंट, टेस्ट, प्रोजेक्ट, सर्टिफिकेट, कुणाला तरी दिलेला शब्द. माझ्या कागदावर तेवीस ओळी झाल्या होत्या. मग प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न: हे या सेमिस्टरला केलं नाही तर वर्ष अडकेल का? बॅक लागेल, टर्म वर्क जाईल, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव येईल, तर 'हो'. बाकी सगळं 'नाही'. तेवीसपैकी माझे 'हो' निघाले नऊ. उरलेल्या चौदांवर रेघ मारायला हात धजावत नव्हता, म्हणून त्यांच्यापुढे 'थांबवलं' असं लिहिलं. प्रोसेस सस्पेंड करतात, मारत नाहीत. हा शब्द मला फार उपयोगी पडला.

आता नऊपैकी दोनच उघडी ठेवायची. एक डोक्याचं, एक हाताचं. माझं डोक्याचं होतं असेंब्लर, हाताचं होतं डीबीएमएसचे राइट-अप. असेंब्लरवर डोकं चालेना झालं की राइट-अप लिहायचे. टीओसीला त्या आठवड्यात मी हात लावला नाही, टेस्टला वीसपैकी सात पडले, आणि आभाळ कोसळलं नाही. असेंब्लरची चूक दुसऱ्या दिवशी सव्वा तासात सापडली. एलटीओआरजी ही असेंब्लरसाठीची सूचना आल्यावर लोकेशन काउंटर मी एकदा जास्त वाढवत होते.

मग जीएफएमना (आपल्या बॅचची जबाबदारी असलेल्या सरांना) भेटा. आपल्याकडे मुलं सरांना टाळतात आणि शेवटच्या दिवशी "सर प्लीज अ‍ॅडजस्ट करा ना" म्हणत उभी राहतात. सरांसमोर अशी चाळीस मुलं असतात. त्यापेक्षा दोन आठवडे आधी जाऊन आकड्यात बोला. मी पाठवलेला मेसेज जसाच्या तसा देते:

"नमस्कार सर. माझ्या डीबीएमएसच्या तीन आणि एसपीओएसच्या चार असाइनमेंट बाकी आहेत. डीबीएमएसच्या तिन्ही शुक्रवारपर्यंत दाखवते. एसपीओएससाठी पुढच्या मंगळवारपर्यंत वेळ मिळाला तर चारही पूर्ण होतील. चालेल का?"

सरांचं उत्तर दोन शब्दांचं होतं: "मंगळवार. फायनल." पण त्या मंगळवारने माझा आठवडा वाचवला. सगळेच सर असे नसतात, मान्य. नाही म्हणाले तरी तारीख तर पक्की कळते, आणि लॅब असिस्टंटदादांना विचारलं तर सर कोणत्या वारी निवांत असतात तेही कळतं.

कायमची दुरुस्ती

ही सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात करायची असते, जेव्हा अंगात बळ असतं आणि म्हणूनच कुणी करत नाही.

हक्काचे ५४ तास असतील तर ४३ चाच बेत करा. ८० टक्के. उरलेले अकरा तास कशासाठी, असं विचारू नका. ते ताप, लग्न, अचानक टेस्ट आणि नुसतं गच्चीवर बसण्यासाठी. माझ्या ५३ मधून दहा काढायचे होते. क्लबचे पाच गेले, एनपीटीईएलचे चार गेले, अ‍ॅप्टिट्यूडचा एक गेला. क्लब सोडताना सीनिअरने तोंड वाकडं केलं. करू दे.

आपल्याकडे विषय मध्येच सोडता येत नाही, पॅकेज ठरलेलं असतं. त्यामुळे कात्री वरच्या कामांनाच लागणार. ऑनर्स घेणाऱ्यांनी हा हिशोब दोनदा करावा. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषद) आराखड्यात चार वर्षांचे १६० क्रेडिट आहेत, सेमिस्टरला सरासरी वीस. ऑनर्स किंवा मायनर म्हणजे वर आणखी १८ ते २०. ते शेवटच्या चार सेमिस्टरमध्ये वाटले तर दरवेळी साधारण पाच, म्हणजे पाव भार जास्त, आणि तोही नेमका प्लेसमेंटच्या वर्षात. विषयाची मनापासून आवड असेल तर जरूर घ्या. 'सगळे घेताहेत' म्हणून घेऊ नका. डोक्यावर एक बॅक असेल तर अजिबात नको; बॅकचा विषय म्हणजे सहावा विषयच असतो, त्याला तीन तास वेगळे लागतात.

दुसरी सवय, आणि मला वाटतं हीच सगळ्यात जास्त फळली: लॅबमधून सही घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. दोन तासांच्या लॅबमध्ये पहिला पाऊण तास गप्पांत जातो, हे आपल्या सगळ्यांना माहितीय. कोड आदल्या रात्री निम्मा लिहून न्यायचा, लॅबमध्ये पुरा करायचा, शेवटच्या वीस मिनिटांत राइट-अपचा थिअरी भाग तिथेच खरडायचा, आणि आउटपुट दाखवून सही. अक्षर वाईट आलं तर येऊ दे. त्या दिवशी वीस मिनिटांचं असलेलं काम दोन महिन्यांनी दोन तासांचं होतं, कारण आपलाच कोड आपल्याला परका वाटतो.

एआयकडून असाइनमेंट लिहून घेण्याबद्दल मुली हमखास विचारतात. भार कमी होतो का? होत नाही, पुढे ढकलला जातो. ओरलला एक्सटर्नल (बाहेरचे परीक्षक) येतात, जर्नल मधूनच उघडतात, एका ओळीवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "ही ओळ काढली तर काय होईल?" तेव्हा दहा असाइनमेंटचा अभ्यास एका रात्रीत करावा लागतो. समजावून घ्यायला वापरा, चूक शोधायला वापरा. अख्खा कोड उचलला असेल तर त्याच दिवशी तो बंद करून स्वतः एकदा लिहा, नाहीतर ते उसनं आहे आणि व्याज लागतंय.

इनसेमनंतरच्या आठवड्यासाठी वेगळा नियम: तीन दिवस पूर्ण सुट्टी, चौथ्या दिवशी तिसरं युनिट. सुट्टीसुद्धा कॅलेंडरवर लिहायची. सुट्टी ठरवून घेतली नाही की ती चोरून घेतली जाते, फोनवर, रात्री दोनला, आणि तिने विश्रांती मिळत नाही.

जे करून उपयोग झाला नाही

पहाटे चारला उठणं. हॉस्टेलवर रात्री बारापर्यंत गोंगाट असतो, मग चारला उठणं म्हणजे चार तास झोप. आठवडाभर टिकलं.

फोन पूर्ण बंद करणं. सीआर (वर्गप्रतिनिधी) नोटीस ग्रुपवरच टाकतो. माझी एक टेस्ट याच वैराग्यापायी बुडाली.

पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. थिअरी वाचायला हे चांगलं आहे, मी अजूनही करते. डीबग करताना मात्र नाही. डोक्यात चार फंक्शनचा पसारा मांडायलाच पंधरा मिनिटं लागतात, आणि घंटा वाजली की तो कोसळतो. कोडसाठी मी वेळेऐवजी टप्पा धरते: पुढचा एक टेस्ट केस पास झाला की उठायचं. आणि उठण्याआधी शेवटच्या ओळीखाली कॉमेंट लिहायची, 'आता इथे काउंटर तपास'. परत आल्यावर पाच मिनिटांत गाडी रुळावर येते.

सदाशिव पेठेतली अभ्यासिका. पैसे भरले, महिनाभर गेले. स्पर्धा परीक्षावाल्यांच्या त्या शांततेत कीबोर्डचा आवाज झाला की सगळे वळून बघायचे. थिअरीच्या आठवड्यात ठीक, एरवी पैसे वाया.

लाइफस्टाइलचे सल्ले मी देत नाही. एवढंच सांगते की संध्याकाळी कॉलेजमधून खोलीपर्यंत बस सोडून चालत यायला लागले आणि चिडचिड कमी झाली. अर्धा तास स्क्रीन नसायची, बहुतेक त्यामुळेच.

न सुटलेली एक गोष्ट

तुम्ही ८० टक्क्यांवर आलात तरी प्रोजेक्ट ग्रुपमधला चौथा गडी शून्यावर असेल, तर त्याचं काम घरंगळत तुमच्याकडेच येतं. मी एवढं केलं: पहिल्याच मीटिंगला लॉग बुकमध्ये प्रत्येक मॉड्यूलपुढे एकेकाचं नाव आणि तारीख लिहिली, आणि दर आठवड्याला गाइडकडून तिथे सही घेतली. आमच्यातला एक जण त्यावरून महिनाभर माझ्याशी बोलला नाही, पण लॉगिन आणि रिपोर्टचं मॉड्यूल त्यानेच उभं केलं. हे जमलं कारण आमच्या मॅडम लॉग बुक खरंच वाचायच्या. ज्यांचे गाइड न वाचता एकदम सहा आठवड्यांच्या सह्या करतात, त्यांच्यासाठी मला अजून काही सापडलेलं नाही. कुणी काही करून बघितलं असेल तर सांगा.